शील्ड कशी जमली, कशी फुटली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वाशीम, वर्ध्यापासून थेट गडचिरोलीपर्यंतच्या गावांतून शील्डबद्दल जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारी बहुतेक शाळा-कॉलेजातली पोरं, काही त्यांचे मोठे भाऊ, आणि अधूनमधून त्यांच्या आया. प्रश्न शक्यतो त्यांच्याच बोलीत ठेवलेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. भाऊ, शील्ड म्हणजे नेमके कोण?

डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीतल्या तीन पैलवानांची टोळी : सेथ रॉलिन्स, डीन अँब्रोज आणि रोमन रेन्स. १८ नोव्हेंबर २०१२ ला इंडियानापोलिस शहरात सर्व्हायव्हर सिरीज हा मोठा कार्यक्रम झाला, तेव्हा ते पहिल्यांदा दिसले. सीएम पंक, जॉन सीना आणि रायबॅक यांच्यात विजेतेपदाची लढत चालली होती. रायबॅक जिंकायच्या बेतात असताना काळ्या कपड्यांतले तिघं कठडा ओलांडून आले आणि त्यांनी त्याला उचलून समालोचकांच्या टेबलावर आपटलं. पंकनं तेवढ्यात सीनाला पिन केलं, म्हणजे पंच तीन मोजेपर्यंत त्याचे खांदे टेकवून धरले, आणि विजेतेपदाचा पट्टा राखला.

तिघंही त्याआधी फ्लोरिडात, कंपनीच्या प्रशिक्षण शाखेत होते. सेथ आयोवाचा, उड्या आणि वेगासाठी नावाजलेला. तो एनएक्सटीचा, म्हणजे त्याच शाखेच्या कार्यक्रमाचा, पहिलावहिला विजेता, आणि त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यानं जिंदर महलला हरवलं होतं. डीन सिनसिनाटीचा. छोट्या हॉलांत काटेरी तारा आणि रक्त असलेले सामने खेळून तो वर आला. रोमन सामोअन पैलवानांच्या घराण्यातला, त्याचे वडील सिका हे वाइल्ड सामोअन्स या गाजलेल्या जोडीतले एक. कुस्तीत येण्याआधी रोमन जॉर्जिया टेकमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळायचा.

२. तिघं असून त्याइले टॅग टीम काऊन म्हणतात?

टॅग टीम म्हणजे आळीपाळीनं लढणारी जोडी (प्रश्न ३). काटेकोर बोलायचं तर शील्ड ही टोळी आहे. टॅगचे पट्टे मात्र दोघांचेच असतात. शील्डमध्ये ते आधी सेथ आणि रोमनकडे होते, आणि डीनकडे वेगळा युनायटेड स्टेट्सचा पट्टा होता. तरी त्यांचं नाव झालं ते सहा जणांच्या टॅग सामन्यांवर, म्हणजे तीन विरुद्ध तीन. म्हणून लोक सरसकट टॅग टीम म्हणतात, आणि मला ते चुकीचं वाटत नाही.

३. दोरीपाशी उभं राहून हात लावतात, ते कायले?

एका वेळी प्रत्येक बाजूचा एकच जण रिंगमध्ये लढू शकतो. बाकीचे आपल्या कोपऱ्यात, दोरीबाहेर. आतल्यानं बाहेरच्याच्या हाताला हात लावला की बदली होते, तोच टॅग. आत आलेल्यानंच पिन करायचं, आणि त्यालाच पिन करता येतं. टॅग झाल्यावर आधीच्यानं पंच पाच मोजेपर्यंत बाहेर जायचं असतं. दोघांनी मिळून मारायचे डाव याच पाच सेकंदांत बसवलेले असतात.

शील्डची खुबी इथेच होती. सेथ आत यायचा तो वरच्या दोरीवरून. डीन प्रतिस्पर्ध्याला आपल्या कोपऱ्यात कोंडून ठेवायचा, आणि शेवटी रोमन यायचा, ताज्या दमाचा. प्रत्येकाला आपलं काम माहीत होतं आणि दुसऱ्याच्या कामात कोणी हात घालत नव्हतं.

आपल्या मातीच्या कुस्तीत हा प्रकारच नाही. तिथे जोड लागते, दोघं भिडतात, पाठ लागली की निकाल. त्यामुळे आखाड्यातल्या वस्तादांना टॅग सामना सुरुवातीला गोंधळाचा वाटतो. वरचे नियम सांगून एक सामना दाखवा. दुसऱ्या सामन्याला तेच पंचाच्या चुका काढू लागतात.

४. हे सगळं आधी ठरवलेलंच असते ना? मंग बघाचं कायले?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न. हो, निकाल ठरलेला असतो. कोण फितूर होणार, कोण पट्टा नेणार, हे लिहिणारी माणसं असतात. सामन्यातले मोठे डावही पैलवान आपसांत बोलून ठेवतात. मधला बराच भाग मात्र रिंगमध्येच, कानात कुजबुजत आणि प्रेक्षकांचा अंदाज घेत उभा राहतो.

आपल्याकडे दिवाळीनंतर वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीच्या भागात झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. भाऊ भावाला घराबाहेर काढतो, तेव्हा ते लिहिलेलं आहे हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी बाया पदरानं डोळे पुसतात. नट खोटं रडतो म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. शील्डकडे मी तसंच बघतो.

शिवाय ठरलेल्या निकालानं शरीराची मेहनत रद्द होत नाही. शंभर-सव्वाशे किलोचा माणूस उलटा उचलला जातो, तेव्हा त्याची मान उचलणाऱ्याच्या हातात असते. हा विश्वास लिहून मिळत नाही. शील्डमधल्या तिघांचा एकमेकांवर तो होता, आणि पडद्यावर तोच दिसत होता. म्हणून त्यांची फूट इतकी लागली.

५. ते लोकांतून काऊन येत? आन् गाण्यात 'इंडिया' म्हणतात ते आपल्यासाठी हाय का?

बाकी सगळे पडद्यामागून उतारावरून यायचे. हे तिघं प्रेक्षकांतून, जिन्यावरून, कुठल्याही दरवाजातून यायचे. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला पळायला बाजूच उरत नसे. आपण घोळक्यातून आलेले, मालकांचे लाडके नाही, हेही त्यातून दिसायचं.

'इंडिया'चं उत्तर : नाही. बिनतारी संदेशात अक्षर नीट कळावं म्हणून प्रत्येक अक्षराला एक शब्द ठरवलेला असतो. सिएरा, हॉटेल, इंडिया, एको, लिमा, डेल्टा यांच्या पहिल्या अक्षरांतून 'शील्ड' हे नाव बनतं. आपल्याकडची पोरं त्या एका शब्दावर जोरात ओरडतात ते मला फार आवडतं. ओरडत राहा.

६. एवढे मोठे कसे झाले? कोणाकोणाले हरवलं?

पहिला मोठा सामना १६ डिसेंबर २०१२ चा : टेबल, शिडी आणि खुर्च्यांचा. समोर रायबॅक, केन आणि डॅनियल ब्रायन. तिथपासून पुढचे सुमारे सहा महिने टीव्हीवरच्या तीन विरुद्ध तीन सामन्यांत त्यांना कोणी पाडलं नाही. ७ एप्रिल २०१३ च्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, त्यांनी रँडी ऑर्टन, शेमस आणि बिग शो यांना हरवलं. त्याच महिन्यात लंडनमध्ये समोर अंडरटेकर, केन आणि ब्रायन होते, आणि तिथेही शील्डच जिंकली. आपल्याकडे अंडरटेकरला मानणारे घरोघरी. त्याच्या टीमला हरवणारी पोरं कोण, हे विचारत त्या दिवसांत कितीतरी जण नव्यानं बघायला लागले.

१९ मे २०१३ ला एकाच रात्री तिघांच्याही कमरेला पट्टा आला. डीननं कोफी किंग्स्टनकडून युनायटेड स्टेट्सचा पट्टा घेतला, सेथ-रोमननं केन आणि ब्रायनकडून टॅगचे. टॅगचे पट्टे त्यांनी १४८ दिवस राखले. १४ ऑक्टोबरला कोडी ऱ्होड्स आणि गोल्डस्ट या भावांनी ते काढून घेतले. डीनचा पट्टा मात्र ३५१ दिवस टिकला.

रोमन यातून हळूहळू वर आला. नोव्हेंबर २०१३ च्या सर्व्हायव्हर सिरीजमध्ये त्यानं एकट्यानं चौघांना बाद केलं. जानेवारी २०१४ च्या रॉयल रम्बल या तीस जणांच्या सामन्यात १२ जणांना बाहेर फेकून केनचा ११ चा विक्रम मोडला. फुटीचं बी तिथेच पडलं होतं, असं आज मागे वळून बघताना वाटतं.

माझ्या मते त्यांचा सर्वोत्तम सामना २३ फेब्रुवारी २०१४ चा, वायट फॅमिली या दुसऱ्या टोळीविरुद्धचा. त्यात ते हरले. घंटा वाजायच्या आधी सहा जण नुसते समोरासमोर उभे होते, कोणी हातही उचलला नव्हता, आणि तेवढ्यानंच सगळं स्टेडियम उभं राहिलं.

७. आधी तर ते वाईट होते. मंग आवडाले कसे लागले?

सुरुवातीला ते मालकांच्या बाजूनं मारामारी करत. ट्रिपल एच आणि स्टेफनीच्या 'ऑथॉरिटी'चे ते अंगरक्षक झाले होते. मार्च २०१४ मध्ये केननं त्यांना म्हाताऱ्या समालोचक जेरी लॉलरला मारायला सांगितलं. तिघांनी उलटून केनलाच आडवं केलं. लोकांना ते आधीपासूनच आवडत होते, टाळ्या वाजवायला फक्त कारण हवं होतं.

त्यानंतरचे तीन महिने म्हणजे शील्डचा खरा बहर. रेसलमेनिया ३० मध्ये त्यांनी केन आणि न्यू एज आउटलॉज ही जोडी यांना तीन मिनिटांच्या आत गुंडाळलं. मग ट्रिपल एच, ऑर्टन आणि बतिस्ता यांची जुनी 'एव्होल्यूशन' समोर आली. ४ मे ला शील्ड जिंकली. १ जूनला पुन्हा जिंकली, आणि तीही अशी की समोरचे तिघंही बाद झाले आणि शील्डचा एकही माणूस गेला नाही.

८. सेथनं रोमनच्या पाठीत खुर्ची काऊन घातली?

तारीख २ जून २०१४, सोमवार. वरचा विजय होऊन एकच दिवस झाला होता. ठिकाण पुन्हा इंडियानापोलिस, म्हणजे जिथे ते जन्मले तेच शहर. बतिस्ता चिडून नोकरी सोडून गेला होता. शेवटी ट्रिपल एच हातात घण घेऊन ऑर्टनसोबत आला आणि म्हणाला की आपल्याकडे दुसरी योजना तयार असतेच. शील्ड रिंगमध्ये खुर्च्या घेऊन सज्ज. रोमन आणि डीन समोर बघत होते. मागे उभ्या सेथनं खुर्ची उचलली आणि रोमनच्या पाठीत घातली.

डीनचा चेहरा त्या क्षणी नीट बघा. तो लगेच धावून जात नाही. त्याला कळतच नाही. मग सेथ त्यालाही मारतो, आणि शेवटी खुर्ची ऑर्टनच्या हाती देऊन बाजूला होतो.

कथेतलं कारण सेथनं पुढच्या आठवड्यांत सांगितलं : शील्ड मी बांधली, म्हणून मोडायचा हक्कही माझा. त्याला ट्रिपल एचच्या बाजूनं पुढची शिडी दिसत होती. धंद्याचं कारण वेगळं आहे. तिघंही एकट्यानं मुख्य सामना खेचतील इतके तयार झाले होते, आणि एका टोळीत तीन मुख्य नायक मावत नाहीत. बतिस्ता गेल्यावर मालकांच्या बाजूला नवा खलनायकही हवा होता.

पुष्कळ जण विचारतात, रोमन फितूर का झाला नाही? कंपनीला त्याला पुढचा नायक करायचं होतं. सेथकडे बोलणं होतं, लोकांना चीड आणायची ताकद होती. माझ्या मते निवड अचूक होती. आणि वेळ त्याहून अचूक. टोळी हरायला लागली, कंटाळवाणी झाली, की मग ती फोडायची, हा नेहमीचा रिवाज. इथे ती शिखरावर असताना, कुठलीही कुरबूर न दाखवता फोडली. प्रेक्षकांनाही पाठमोरं गाठलं.

९. ती खुर्ची खरी होती का? लागत नाही का त्याइले?

खुर्ची खरी, लोखंडी, घडीची. सपाट बाजू पाठीच्या रुंद भागावर मारतात, म्हणजे मार पसरतो. पण वळ उठतात, आणि दुखतं. डोक्यावर खुर्ची मारायला डब्ल्यूडब्ल्यूईत २०१० पासून बंदी आहे, कारण मेंदूला होणारी इजा भरून येत नाही. रिंगबद्दल प्रश्न १४ बघा.

१०. फुटल्यावर कोणाचं भलं झालं?

तिघांचंही, पण वेगवेगळ्या वेळी. सेथनं २९ जून २०१४ ला मनी इन द बँकची ब्रीफकेस जिंकली. ती ज्याच्याकडे असते तो हवी तेव्हा ती वटवून विजेत्याशी पट्ट्यासाठी लढू शकतो. २९ मार्च २०१५ च्या रेसलमेनियात ब्रॉक लेस्नर आणि रोमनचा सामना ऐन रंगात असताना तो धावत आला, ब्रीफकेस वटवली, आणि रोमनला पिन करून विजेता झाला. एकाच मित्राला दुसऱ्यांदा.

रोमनला त्याच वर्षी लोकांनी हुल्लड करून छळलं. रॉयल रम्बल जिंकूनही फिलाडेल्फियात त्याच्या नावानं शिमगा झाला. आपल्याकडे तसं काही नव्हतं. आठवडी बाजारात टांगलेल्या टी-शर्टांवर रोमनच असायचा, आजही असतो.

डीनची पाळी १९ जून २०१६ ला आली. सेथनं रोमनला हरवून पट्टा घेतला, आणि डीननं तिथल्या तिथे ब्रीफकेस वटवून सेथला पाडलं. एकाच रात्री, एकच पट्टा, तिघांच्या कमरेला. २ जून २०१४ ची उधारी डीननं तिथे फेडली. शील्डवर प्रेम असणाऱ्यांनी ती रात्र चुकवू नये.

११. परत किती वेळा एकत्र आले?

पुरे तिघं तीनदा. ऑक्टोबर २०१७ मध्ये, पुन्हा इंडियानापोलिसलाच. मग ऑगस्ट २०१८ मध्ये. आणि शेवटचे मार्च-एप्रिल २०१९ मध्ये.

पहिलं पुनर्मीलन नशिबानं खाल्लं. रोमन आजारी पडला, त्याच्या जागी कर्ट अँगल लढला. डिसेंबरात डीनच्या दंडाला दुखापत होऊन शस्त्रक्रिया झाली. त्याआधीचा, सेथ आणि डीन दोघांनीच पुन्हा जुळण्याचा भाग मात्र फार सुरेख होता. एकानं मूठ पुढे करायची, दुसऱ्यानं विश्वास नाही म्हणून पाठ फिरवायची, असं कित्येक आठवडे चाललं. शेवटी मुठी भिडल्या आणि २० ऑगस्ट २०१७ ला दोघांनी शेमस-सिझारोकडून टॅगचे पट्टे घेतले. विश्वास तुटायला एक क्षण लागला आणि जुळायला तीन वर्षं, हे त्यांनी घाई न करता दाखवलं.

१२. रोमनले खरंच ब्लड कॅन्सर झाला होता का? का तेही स्टोरी?

खरं. यात कथेचा भाग नाही. २२ ऑक्टोबर २०१८ ला तो साध्या कपड्यांत रिंगमध्ये आला, आपलं खरं नाव जो असल्याचं सांगितलं, आणि ल्युकेमिया अकरा वर्षांपासून सोबत असून आता उलटल्याचं सांगून पट्टा खाली ठेवला. २५ फेब्रुवारी २०१९ ला परत येऊन आजार आटोक्यात असल्याचं त्यानं सांगितलं.

घरात कोणाला हा आजार आहे म्हणून हा प्रश्न विचारणारेही असतात. त्यांना इतकंच सांगतो : ल्युकेमियाचे प्रकार अनेक आहेत आणि उपचार प्रकारानुसार बदलतात. रोमनवरून आपल्या माणसाचा अंदाज बांधू नका. नागपूरला कॅन्सरची स्वतंत्र रुग्णालयं आहेत, तिथे दाखवा.

१३. डीन कधी टॅग चॅम्पियन होता का? आन् तो फितूर झाला ते कधी?

शील्डच्या पहिल्या काळात नाही (प्रश्न २). तीन जणांच्या टोळीतल्या कोणत्याही दोघांनी पट्टे राखायचे, असा 'फ्रीबर्ड नियम' या खेळात आहे, पण शील्डला तो लावला नव्हता. डीन टॅग विजेता झाला तो सेथसोबत, दोनदा : २०१७ मध्ये आणि २२ ऑक्टोबर २०१८ ला.

ही दुसरी तारीख प्रश्न १२ मधलीच आहे. रोमननं आजार सांगितला, त्याच रात्री सेथ आणि डीननं पट्टे जिंकले, आणि जिंकल्याबरोबर डीननं सेथला मारलं. धक्का जबरदस्त होता, पण मला ते पटलं नाही. माणूस खरोखर आजारी आहे हे सांगितल्यानंतर त्याच रात्री त्याच दुःखावर कथा रचायला नको होती. पुढचं भांडणही रंगलं नाही. डीननं शील्डचा अंगरखा जाळला, तरी २०१४ च्या एका खुर्चीची बरोबरी त्यातून झाली नाही.

१४. माझा मुलगा शाळेत मित्राले उचलून आपटते. टीव्ही बंद करू का?

ताई, टीव्ही बंद करून तो मोबाइलवर बघेल. त्याला रिंग कशी असते ते सांगा. लोखंडी चौकटीवर फळ्या, त्यावर फोमचा थर, त्यावर ताणलेलं कॅनव्हास. माणूस पडला की सगळं खाली दबतं. पडणारा हनुवटी छातीला लावतो, पाठ सपाट टेकवतो, आणि हे कित्येक महिने शिकलेला असतो. उचलला जाणारा स्वतः उडी मारून मदत करतो. शाळेचं पटांगण यातलं काहीच देत नाही. तिघांनी मिळून एकाला आपटायचा डाव तर मुलांनी कधीच करू नये, मान आधी टेकली तर हातपाय कायमचे जातात.

कोणी मानेवर पडलंच तर त्याला बसवू नका, हाताला धरून ओढू नका. मान हलू न देता आहे तसं राहू द्या आणि १०८ ला फोन करा.

आणि त्याला कुस्तीची ओढच असेल तर जवळच्या आखाड्यात घाला. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून पोरं घडवत आलंय. ज्याला पडायचं कसं ते शिकवलं, तो दुसऱ्याला पाडतानाही जपतो.

१५. डीन अँब्रोज आन् जॉन मॉक्सली एकच का?

एकच. जॉन मॉक्सली हे त्याचं जुनं, डब्ल्यूडब्ल्यूईच्या आधीचं नाव. करार संपल्यावर २५ मे २०१९ ला तो एईडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीत दिसला. डीन अँब्रोज हे नाव तिथे वापरता येत नाही.

१६. यातलं कोणी आपल्याकडे आलं होतं का?

८ सप्टेंबर २०२३ ला हैदराबादच्या गचीबोवलीत मोठा कार्यक्रम झाला. तिथे सेथ आणि जॉन सीना जोडीनं लढले. समोर लुडविग कायझर आणि जोवानी विंची. ज्या सीनाच्या सामन्यात शिरून शील्ड जन्मली, त्याच्याच बाजूला सेथ दोरी धरून टॅगची वाट बघत उभा होता.

१७. आता पुन्हा एकत्र येतील का?

तिघंही असलेली शील्ड शेवटची २१ एप्रिल २०१९ ला मोलीन, इलिनॉय इथे लढली, कॉर्बिन, लॅश्ली आणि मॅकिन्टायरविरुद्ध, आणि जिंकली. त्यानंतर डीन दुसऱ्या कंपनीत गेला (प्रश्न १५). दोन कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक असल्यामुळे तिघांना एका रिंगमध्ये उभं करणं अवघड आहे.

सेथ आणि रोमनचं जुनं दुखणं मात्र जिवंत आहे. ७ एप्रिल २०२४ ला, रेसलमेनिया ४० च्या दुसऱ्या रात्री, रोमन आणि कोडी ऱ्होड्सचा सामना चालू असताना सेथ शील्डच्या जुन्या पोशाखात आला. रोमनच्या हातात खुर्ची होती आणि समोर कोडी पडलेला. त्यानं दहा वर्षांपूर्वीचा हिशेब आधी केला, सेथच्या पाठीत खुर्ची घातली. तेवढ्या वेळात कोडी सावरला, आणि रोमनची १३१६ दिवसांची सत्ता गेली.

१८. मी नवीन हाय. कुठून बघू?

आधी १६ डिसेंबर २०१२ चा सामना. मग वायट फॅमिलीविरुद्धचा, तो पूर्ण बघा, घंटेच्या आधीची मिनिटं पुढे ढकलू नका. त्यानंतर १ जून २०१४ चा एव्होल्यूशनविरुद्धचा, आणि लगेच दुसऱ्या दिवशीच्या रॉचा, म्हणजे सोमवारच्या टीव्ही कार्यक्रमाचा, शेवट. मधे दुसरं काही बघू नका. मग १९ जून २०१६. बरंच काही डब्ल्यूडब्ल्यूईच्या यूट्यूब वाहिनीवर फुकट मिळतं. रेंज धड नसेल तर रात्री डाउनलोडला लावून ठेवा, आणि घरातल्या मोठ्यांनाही सोबत बसवा. प्रश्न ३ मधले नियम तेवढे आधी सांगा.